खातं भाड्यानं देणाऱ्या मुलास

मान वर कर. खातं दिलंस तेव्हा मान ताठ होती, आता खाली घालून काय उपयोग? तुझी आई म्हणते, "सर, पोराच्या हातून चूक झाली." चूक पाढ्यात होते. पाच हजार रुपये मोजून घ्यायचे आणि आपलं पासबुक, एटीएम कार्ड, त्याचा पिन, खात्याला जोडलेलं सिमकार्ड अनोळखी माणसाच्या हवाली करायचं, ही चूक नव्हे. हा सौदा आहे, आणि तो तू पूर्ण शुद्धीत केलास.

तुझं पासबुक मी ओळ न ओळ वाचलंय. दर महिन्याला कंत्राटदाराकडून आलेला पगार, मग आईची औषधं, मोबाईलचा रिचार्ज, वडापावचे वीस-तीस रुपये. आणि मग एका मंगळवारी दुपारी पन्नास हजार जमा, पुन्हा पन्नास हजार, मग ऐंशी हजार, परत पन्नास हजार. संध्याकाळच्या आत सगळे बाहेर. शिल्लक तीनशे बारा रुपये, आणि आता खातं गोठवलेलं. एवढी रक्कम तुझ्या बापानं जन्मात एकत्र पाहिली नाही. ती कुणाची होती, हे एकदा तरी विचारलंस?

मी सांगतो कुणाची ते. कुठंतरी एका निवृत्त माणसाला व्हिडिओ कॉल येतो. समोर खोटा पोलीस, खोटा बिल्ला. "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय," म्हणतो. आपल्या कायद्यात असली अटक नाहीच, पण घाबरलेल्या म्हाताऱ्याला ते कोण सांगणार? तो फंडाचे पैसे पाठवतो. ते चोराच्या खात्यात जात नाहीत, कारण चोर स्वतःच्या नावावर काही ठेवत नाही. ते तुझ्या खात्यात येतात. तिथून दहा खात्यांत फुटतात, मग एटीएममधून किंवा आभासी चलनातून पसार होतात. त्या म्हाताऱ्यानं 1930 वर तातडीनं फोन केला तर वाटेत काही अडतं, उशीर झाला तर संपलं. मागे पुरावा म्हणून उरतं ते फक्त तुझं नाव, तुझं आधार, तुझी सही.

"मला माहीत नव्हतं, सर." हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नकोस. गावात जमिनींचे दलाल फिरतात तेव्हा कोऱ्या कागदावर सही करून सातबारा कुणाच्या हातात देशील का? तिथं बरोबर कळतं तुला. मग इथंच अक्कल कुठं गेली?

या रायगडात राहून तुला बोगस खात्यांची गोष्ट मी सांगावी लागते, याचा मला जास्त राग येतो. 2010 साली पेण अर्बन बँक बोगस कर्जखात्यांपायीच बुडाली. त्या वेळी ठेवीवर विम्याचं संरक्षण होतं एक लाखापर्यंत. त्यावरची रक्कम ज्यांची होती, ती माणसं वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिली, त्यातली काही हयात नाहीत. पनवेलच्या कर्नाळा बँकेत साठाहून जास्त बोगस कर्जखात्यांतून पाचशे कोटींवर रक्कम वळवल्याचा आरोप तपास यंत्रणांनी केला. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना रद्द केला. तिकडं मुंबईच्या पीएमसी बँकेत तर एका बिल्डरची कर्जं झाकायला एकवीस हजारांवर खोटी खाती रचली होती, आणि सप्टेंबर 2019 मध्ये खातेदारांना सुरुवातीला फक्त हजार रुपये काढू दिले.

तेव्हा लुटारूंना खोटी खाती रचावी लागली, खोटी नावं लिहावी लागली. आता तेवढेही कष्ट नाहीत. खरं नाव, खरा फोटो, खरी केवायसी असलेलं खातं तू पाच हजारांत आणून दिलंस. 2025 च्या जूनमध्ये सीबीआयनं छापे घातले, तेव्हा देशभरातल्या सातशेहून जास्त शाखांमध्ये अशी साडेआठ लाखांवर खाती असल्याचं पुढं आलं. ती सगळी काय आकाशातून पडली?

आणि तू, मागे उभा राहून ऐकणारा, बँकेत चिकटलास ना? तुलाही सोडत नाही. महिन्याचं टार्गेट भरायचं म्हणून एकाच मोबाईल नंबरवर, एकाच भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर खाती उघडताना फॉर्म वाचत नाहीस. चौदा हजार पगाराच्या खात्यात दुपारभर लाखांची ये-जा होते, तेव्हा तुझं लक्ष असतं विमा पॉलिसी गळ्यात मारण्याकडे. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबनं असली खाती हुडकायला 'म्यूलहंटर' नावाची यंत्रणा बनवली आहे. यंत्र बोट दाखवेल. पण खातं उघडताना समोरच्या पोराला "बाळा, हे कशासाठी?" असं विचारणारं माणूस काउंटरवर नको का?

कार्तिकीला ताकईच्या जत्रेत सुकी मासळी विकणारी बाई बघितलीस? टोपलीशेजारी क्यूआर कोड ठेवते आणि पैसे आल्याचं कानानं ऐकल्याशिवाय पिशवी सोडत नाही. तुझ्या त्या खात्यातून कुणी तिच्याकडून तीनशे रुपयांचे बोंबील घेतले असते, तर चोरीच्या पैशाचा माग तिच्यापर्यंत गेला असता आणि तिचंही खातं अडकलं असतं. असं छोट्या दुकानदारांचं झालेलं आहे. भर हंगामात माल उचलायला पैसे नाहीत, आणि दूरच्या कुठल्यातरी राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसायचं! तिचा काय दोष?

आता रडू नकोस, ऐक. "माझे काय, गेले तर पाचच हजार" हा हिशोब डोक्यातून काढ. फसवणुकीच्या कटात तुझं नाव येऊ शकतं. उद्या नोकरीसाठी चारित्र्य प्रमाणपत्र मागतील, कर्जाला बँक दारात उभं करणार नाही. घाबरून घरी बसलास तर आणखी अडकशील. तो माणूस पुन्हा फोन करेल, "दुसरं खातं उघड, आधीचं सोडवून देतो" म्हणेल. उचलू नकोस.

उद्या सकाळी दहाला खोपोली पोलीस ठाण्याच्या फाटकावर ये, मी असेन. पासबुक, आधार आणि त्या माणसाचे नंबर आण. आत जाण्याआधी वकिलाला भेटू. जे केलंस ते सगळं तुझ्या तोंडानं सांगायचं, मी बोलणार नाही. मित्रांपैकी आणखी कुणी खातं दिलं असेल तर त्यालाही घेऊन ये. आणि मोबाईलमधला एकही मेसेज आज रात्री पुसायचा नाही.