रांजण भरणाऱ्यांना ठाऊक होते

जेवणे झाली असतील, ओटा पुसून झाला असेल, तर आता बसा. मुले अजून जागी असतील, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असेल, तर असू दे. ज्या घराविषयी आपण मनन करणार आहोत तिथेही गोंगाटच आहे. योहानच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा, पहिली ११ वचने सावकाश वाचा आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवा.

गालीलातले काना गाव. लग्नघर. त्या काळी तिकडे लग्नाचा सोहळा आठवडाभरही चाले. येशूची आई आधीपासूनच तिथे आहे. येशू आणि त्याचे शिष्य आमंत्रण आले म्हणून आले आहेत. नासरेथच्या घरात, सुतारकामात त्याची तीसेक वर्षे गेली, आणि योहान ज्याला त्याचे पहिले चिन्ह म्हणतो तेही अशा चारचौघांसारख्या घरातच घडते. लग्न कोणाचे ते योहान सांगत नाही. वराचे नाव नाही, वधूचा तर उल्लेखही नाही. तेव्हा त्या घरावर तुमच्या घराची पाटी लावायला हरकत नाही.

द्राक्षारस संपतो.

इथे थांबा. आपल्या घरात काय काय संपते ते आठवा. महिनाअखेरीला पैसे संपतात. ऐन स्वयंपाकात सिलिंडर संपतो. दवाखान्याच्या फेऱ्या करता करता धीर संपतो. कधी दोघांमधले बोलणेच संपते, आणि ‘वाढू का’, ‘आलो’ एवढेच उरते. अशा वेळी तोंडातून पहिले काय निघते? तुला सांगितले होते ना. तू बघायला हवे होतेस.

आता मरियेचे बोलणे ऐका. यांच्याकडचा द्राक्षारस संपला आहे, एवढेच ती मुलाला सांगते. किती मागवला होता, कोणाचा अंदाज चुकला, पाहुण्यांपुढे कशी शोभा झाली, यातले अवाक्षर नाही. उणीव ती सांगते. दोष कोणाच्या माथी मारत नाही. मला तर वाटते, त्या घरात आनंदाला वाट मिळाली ती इथेच, पाण्याला कोणाचा हात लागण्याच्या आधी.

तुमच्या घरातली जी उणीव आज सलते आहे, ती प्रभूला तशीच सांगून पाहा, कोणाचेही नाव न जोडता. जड जाईल. नाव जिभेवर येईल. आले, तर पुन्हा पहिल्यापासून सांगा. घाई नाही.

मग रांजणांकडे वळा. सहा आहेत, दगडी. मातीचे भांडे विटाळले तर फोडावे लागे. दगडाला विटाळ नाही असे यहुदी लोक मानत, म्हणून शुद्धीकरणाचे पाणी दगडी रांजणांत ठेवत. एकेका रांजणात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावते. म्हणजे सहा मिळून ५०० ते ७०० लिटर. येशू सेवकांना सांगतो, भरा.

हे वाक्य आपण फार पटकन वाचून पुढे जातो, कारण आपल्याला चमत्कार बघायची घाई असते. आज पुढे जाऊ नका. घरात नळ नाही. पाणी विहिरीवरून किंवा झऱ्यावरून आणायचे. १५ लिटरचा हंडा धरला तर चाळीसेक खेपा होतात. मोखाड्यात किंवा माणदेशात उन्हाळ्यात पाणी भरलेल्या बाईला हा हिशेब मांडून दाखवावा लागणार नाही, तिच्या मानेला तो ठाऊक आहे. आत पाहुणे द्राक्षारसासाठी खोळंबले आहेत, आणि हे लोक पाणी वाहत आहेत. कशासाठी, ते त्यांना कोणी सांगितलेले नाही. विसाव्या खेपेला रांजणात पाणीच आहे. तिसाव्या खेपेलाही पाणीच. तरी ते काठोकाठ भरतात. अर्ध्यावर ठेवले असते तर कोण बघायला येणार होते?

त्यांच्याबरोबर एक खेप करा. खांद्यावरून गार पाणी ओघळू द्या.

पुढे भोजनकारभारी त्या पाण्याचा झालेला द्राक्षारस चाखतो आणि वराला बोलावून त्याची वाहवा करतो. हा रस कुठून आला हे त्याला ठाऊक नसते. पाणी काढणाऱ्या सेवकांना मात्र ठाऊक होते, असे योहान मुद्दाम नोंदवून ठेवतो. मी या वचनापाशी वारंवार येऊन थांबतो. ज्यांना मान मिळाला त्यांना देणारा कळला नाही. ज्यांचे हात ओले होते त्यांना कळला. पहाटे डबा भरताना, अंथरुणाला खिळलेल्या आजीची चादर बदलताना, दहावीतल्या मुलाला तेच गणित पुन्हा समजावताना येशू किती जवळ उभा असतो, हे त्या कामात असलेल्यालाच समजते. बसल्या जागी ते कोणी समजावून देऊ शकत नाही.

पण या वचनाचा आधार घेऊन घरातले सगळे हंडे एकाच बाईच्या डोक्यावर द्यायचे, आणि वर ‘खरा आनंद तुलाच ठाऊक’ म्हणून तिची समजूत काढायची, हे मला मुळीच मान्य नाही. योहानने सेवक म्हटले आहे, एकाहून अधिक जण. आणि ओल्या हातांनाच आनंद कळत असेल, तर खुर्चीत बसून राहिलेला माणूस स्वतःचेच नुकसान करून घेतो आहे.

तुमच्या घरात अबोला असेल. सासू-सुनेत, भावाभावांत, बापलेकांत. आधी तो मिटू दे, मग आनंदाचे बघू, असे मन म्हणते. पौल तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहितो तेव्हा युवदिया आणि सुंतुखे या दोन बायकांची नावे घेऊन त्यांना एकमनाने राहण्याची विनवणी करतो, आपल्या एका सोबत्याला त्यांची मदत करायला सांगतो. आणि लगेच, पुढच्याच वचनात, प्रभूमध्ये आनंद करा असे सगळ्यांना दोनदा बजावतो. भांडण मिटल्याची बातमी येईपर्यंत तो थांबलेला नाही. त्या दोघींनाही हे पत्र मंडळीत, एकाच छताखाली ऐकावे लागले असेल. हे चित्र थोडा वेळ नजरेसमोर राहू द्या. तुमच्या घरातली अशी दोन माणसे त्यात बसवून बघा. त्यांतले एक तुम्ही असाल, तर तसेच बसवा.

आता आजचा दिवस सकाळपासून मनात फिरवा. आज घरात पाणी कोणी वाहिले? दूध कोणी आणले, औषधाची वेळ कोणाच्या लक्षात राहिली, कोणाचा फोन आला की आईचा चेहरा उजळतो? कोणी आज बोलायचे ते शब्द गिळले आणि भांडण टळले? एकेक माणूस समोर येऊ द्या. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यातले एक नाव मोठ्याने, त्या माणसाला ऐकू जाईल असे घ्या आणि नेमक्या त्या कामाबद्दल प्रभूचे उपकार माना. मग प्रार्थना झाल्यावर त्या माणसाला विचारा, उद्याची कोणती खेप मी करू? ‘काही नको, राहू दे’ असे उत्तर येईल. सवयीने येते ते. तेवढ्यावर उठू नका, आणखी एकदा विचारा.