नवं कांबळं की नऊ कांबळी?

एका मुलाच्या अंगावर कांबळं आहे. बघणारा म्हणतो, हा ‘नवकंबल’ आहे. त्याला म्हणायचंय की पोराचं कांबळं नवं आहे. समोरचा लगेच शब्दात पकडतो: नऊ कुठे, एकच तर दिसतंय! संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊही. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने वाक्छल समजावताना हा दाखला दिला. शब्दाला दोन अर्थ आहेत याचा फायदा घेऊन बोलणाऱ्यालाच खोटं पाडायचं, ते वाक्छल.

सप्टेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत ‘झून एचडी’ हा खिशात मावणारा प्लेअर आणला. इथे छल उलट्या बाजूने झाला: दोन अर्थांचा फायदा ऐकणाऱ्याने नाही, बोलणाऱ्याने घेतला. ३.३ इंचांचा ओलेड पडदा होता देखणा. पण त्यावर बिंदू होते ४८० गुणिले २७२, म्हणजे साधारण एक लाख तीस हजार. एचडीची पहिली पायरी ७२०पी. तिला नऊ लाखांहून जास्त बिंदू लागतात. म्हणजे हातातल्या पडद्यावर जेमतेम सातवा हिस्सा. बाकीचे सहा हिस्से बघायचे तर डॉक वेगळा विकत घ्या, टीव्हीला वायर जोडा. मग यंत्रातली एचडी फाइल टीव्हीवर खरोखर ७२०पी दिसे. शिवाय यंत्रात एचडी रेडिओही होता, म्हणजे नावाला आणखी एक आधार. कंपनीला खोटारडी म्हणायची सोय नाही!

नैयायिकांच्या, म्हणजे न्यायसूत्रं मानणाऱ्यांच्या, मते शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा असेल तर. आप्त म्हणजे काका-मामा नव्हे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. याबाबतीत वात्स्यायन मोठा उदार: ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, कसोटी सगळ्यांना एकच. मग यंत्राचा डबा छापणाऱ्यालाही तीच लावायला हरकत नाही. पहिल्या अटीत तो पैकीच्या पैकी गुण मिळवतो. यंत्राची खडान्‌खडा माहिती त्याच्याइतकी कुणाला असणार? नापास होतो तो दुसऱ्या अटीत. ‘एचडी’ वाचून गिऱ्हाईक पडद्याचाच विचार करणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पण सगळा दोष डब्याच्या माथी मारणंही बरोबर नाही. डोळ्यालाही मर्यादा आहे. वैशेषिक तत्त्वज्ञांनी दिसण्याची एक सीमा सांगितली आहे: खिडकीतून आलेल्या कवडशात तरंगणारा त्रसरेणू. दिसतं त्यातलं सर्वांत लहान ते हेच. त्याच्या आतले परमाणू अनुमानानेच मानायचे. आजचं नेत्रविज्ञान ही सीमा कोनात मोजतं. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा फरक कळतो. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या पडद्यासाठी हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही थोडं कमी भरतं. त्या हिशेबाने ७२०पीच्या ओळीतले १२८० बिंदू सुटे दिसायला पडदा सुमारे अकरा सेंटिमीटर रुंद हवा. झूनचा होता सव्वासातच्या आसपास. त्यावर सगळे नऊ लाख बिंदू बसवले असते, तरी डोळ्याने ते एकमेकांत मिसळूनच टाकले असते. एवढ्याशा पडद्यावर पूर्ण एचडी हवं असा हट्ट धरणारा गिऱ्हाईक कवडशात परमाणू शोधत असतो, आणि त्याचे पैसेही मोजतो. ही फसवणूक कुणी दुसऱ्याने केलेली नसते.

झूनचे प्लेअर २०११ मध्ये बंद झाले. नवकंबल मात्र अजून बाजारात आहे. स्वस्त, छोट्या प्रोजेक्टरच्या डब्यावर ‘१०८०पी सपोर्ट’ असं ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ यंत्र तशी फाइल स्वीकारतं, इतकाच. दाखवताना ते तिचे बिंदू कमी करत असेल. तेव्हा दुकानदाराला एकच विचारा: ‘नेटिव्ह रेझोल्यूशन किती?’ आणि डबा उघडून, चालू करून दाखवायला सांगा.