घोळ आणि पुणेकरांची प्रतिष्ठा

पहिला पाऊस पडला की पुण्यात घोळ कुठे उगवत नाही? कुंडीत, पायरीच्या फटीत, बांधकामाच्या खडीत. शिवारात तर बांधोबांध. मांसल, गुळगुळीत पानं, जमिनीलगत पसरणारे लालसर देठ, चव आंबूस. आपण तिला तण म्हणून उपटतो आणि संध्याकाळी औषधांच्या दुकानातून ओमेगा-थ्रीच्या गोळ्या आणतो.

या पाल्यात तेच मेदाम्ल वनस्पतीजन्य रूपात असतं. १९८६ साली आर्तेमिस सिमोपुलोस आणि नॉर्मन सालेम यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये नोंदवलं की तोवर तपासलेल्या हिरव्या पालेभाज्यांत घोळच या बाबतीत सर्वांत संपन्न आहे. १०० ग्रॅम ताज्या पानांत ते साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम मिळतं. शिवाय ई आणि क जीवनसत्त्व, मॅग्नेशियम, पोटॅशियम. आपल्या शरीरात या मेदाम्लाचा थोडाच भाग माशाच्या तेलातल्या प्रकारात बदलतो, हेही खरं. म्हणून 'घोळ खा, मधुमेह पळवा' असले मोबाइलवर फिरणारे संदेश पुढे ढकलू नयेत. भाजीची थोरवी भाजीपुरती पुरेशी आहे.

घोळीत ऑक्झॅलेट भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी जपून खावी. दह्याताकातलं कॅल्शियम त्यातलं बरंचसं ऑक्झॅलेट बांधून ठेवतं. बेसन लावून ताकातली घोळ करणाऱ्या आपल्या आज्यांनी प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण त्यांची रीत शास्त्राला धरून होती. मात्र नदीकाठची, गटाराजवळची, रस्त्याकडेची घोळ तोडू नये. ती मातीतले जड धातू शोषून घेते. आणि देठ मोडल्यावर पांढरा चीक आला तर ती घोळ नव्हेच, टाकून द्या.

मग अडतं कुठे? अडतं प्रतिष्ठेत. ही भाजी मजुरांची, वाडीवरच्यांची, 'त्यांची'. पाहुण्यांच्या पानात पनीर वाढायला लाज वाटत नाही, घोळ वाढायला वाटते. जेवणाच्या ताटातही जात पाहणाऱ्या समाजाची ही जुनी खोड आहे, तिला आवडनिवड म्हणणं हा शुद्ध दांभिकपणा.

जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी मंडईच्या भव्य इमारतीवर होणाऱ्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. १८८६ साली इमारत उभी राहिलीच, आणि आज तिला त्यांचंच नाव आहे. त्या नावाच्या सावलीत, इमारतीबाहेर फुटपाथवर, पहाटे गावाकडून आलेल्या बाया घोळ, चिवळ, टाकळा घेऊन बसतात. मॉलमध्ये छापील किमतीला मुकाट्याने पैसे देणारा गृहस्थ इथे जुडीमागे दोन रुपयांसाठी घासाघीस करतो.

२०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. पावसाळ्यापुरत्या येणाऱ्या या बायांना चार महिने हक्काची जागा मिळावी, ही मागणी त्या समितीपुढे भाजी विकत घेणाऱ्यांनीच न्यावी.