रक्त कुणाचे, दान कुणाचे?

धनत्रयोदशीला घरोघरी धनाची पूजा होते आणि वैद्यांच्या घरी धन्वंतरीची. एकाच तिथीला ह्या दोघांना शेजारी बसवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे मात्र सांगून ठेवलेले नाही. ते आपण आपल्या समजुतीने ठरवले आहे. पैसेवाल्याने दवाखाना बांधावा आणि रोग्याने त्याला दुवा द्यावा. मुंबईचे जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिले, पुण्याचे ससून डेव्हिड ससूनच्या. दोन्ही नावे आज रिक्षावाल्याच्याही तोंडी आहेत.

रुग्णालयाला दिलेले दान डोळ्यांना दिसते. खाट दिसते, खाटेवरचा माणूस उठून घरी गेलेला दिसतो. प्रयोगशाळेला दिलेले दान असे दिसत नाही. बंद दारे, शीतपेट्या, काचनळ्या आणि पिंजऱ्यातले उंदीर. तेथे औषधाची पुडीसुद्धा मिळत नाही. फार झाले तर एक नाव मिळते, तुमच्या तापाचे. आता तापाचे नाव सांगणे ह्याला दान म्हणावे काय?

हा प्रश्न माझ्या मनात आला तो पुस्तकातून नव्हे. मी राहतो ते फुलपाडा विरारच्या पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराखाली. पापडखिंडीच्या धरणाकडे जाणाऱ्या ह्या बाजूला आता इमारतींची दाटी झाली आहे आणि त्या इमारतींत कोकणातून आलेली कुटुंबे पुष्कळ. पावसाळा आला की येथे ताप येतो. तो मलेरिया, डेंगी की आणखी काही, हे कपाळाला हात लावून कळत नाही. आमच्या शेजारच्या काकी दोडामार्गच्या. एका वर्षी कुणीतरी भरवलेल्या शिबिरात त्यांनी तापात रक्त दिले. पुढे ताप आपोआप उतरला. पण त्यांच्या मनातली अढी उतरली नाही. मला म्हणाल्या, “रगत घेवन गेले, मगे कोणी काय सांगूक इले नाय.”

काकींची तक्रार दुखण्याची नव्हती. त्यांनी काहीतरी दिले होते आणि त्याची पोच आली नव्हती, ही होती. शिबिराच्या फलकावर दात्याचे नाव ठळक होते. आपणही त्या दिवशी दाते होतो, असे काकींना वाटत होते, आणि ते खोटे कसे म्हणावे?

परक्या पैशाने उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेचे मोठे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. 1952 साली अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद ह्यांनी मिळून तेथे विषाणू संशोधन केंद्र काढले. पीतज्वरावरची लस ह्याच फाउंडेशनच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत तयार झाली होती, आणि तिच्यासाठी मॅक्स थायलर यांना 1951 चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. डास-गोचिडांमार्फत पसरणारे विषाणू जगात कोठे कोठे दडले आहेत, ह्याचा शोध घेणे हा फाउंडेशनचा हेतू. म्हणजे निव्वळ आपल्या कळवळ्याने कोणी पुण्यात आले नव्हते. त्यांना विषाणू हवे होते, ज्ञान हवे होते, आणि ज्या रोगाची त्यांना धास्ती होती तो कोणत्या वाटेने येईल हे जाणून घ्यायचे होते.

ह्यावर नाक मुरडणारी माणसे मला ठाऊक आहेत. स्वार्थाने दिलेले ते दान कसले, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप संसर्गाच्या रोगांपुरता तरी पोकळ वाटतो. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता मी पाण्याची बादली घेऊन धावतो तेव्हा माझे छप्पर माझ्या मनात नसते असे थोडेच आहे? ते असते म्हणूनच मी लवकर धावतो. निरपेक्षतेची इतकी कडक परीक्षा लावली, तर आई सोडून जगात कोणी दाता उरणार नाही. आणि आईबद्दलही तज्ज्ञ मंडळी आता शंका घेऊ लागली आहेत.

1957 मध्ये म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात, माकडे मरून पडू लागली. आसपासच्या गावांतल्या माणसांनाही कडक ताप येऊ लागला, काही दगावली. माकडे मरतात म्हटल्यावर पहिला संशय पीतज्वराचा आला, आणि तो खरा असता तर साऱ्या देशाला धडकी भरली असती. पुण्याच्या केंद्राचे लोक रानात गेले. टेलफोर्ड वर्क हे तेव्हा केंद्राचे प्रमुख होते. माकडांच्या आणि माणसांच्या नमुन्यांतून विषाणू वेगळा काढण्यात आला. तो पीतज्वराचा निघाला नाही. रशियात गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा तो नातलग होता, आणि येथेही तो गोचिडांतूनच पसरत होता. जगाला तो तोवर माहीत नव्हता. त्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या माणसांनाही लागण झाली. बंद दारांआड काम करणारेही काही देत असतात, ते हे.

पण ह्या नावाने रानातल्या माणसाला काय मिळाले? ह्या रोगावर नेमके औषध आजही नाही. तापाला पाणी, सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, एवढाच उपचार. जी लस अनेक वर्षे दिली गेली तिचा परिणाम अपुरा ठरला आणि ती बंद झाली. तेव्हा लाकडे तोडणाऱ्या माणसाने विचारले असते, की तुम्ही माझ्या तापाला नाव दिलेत, त्याचे मी काय करू, तर त्याला उडवून लावता आले नसते.

मला वाटते, येथेच दानाची खरी परीक्षा लागते. दात्याचा हेतू तपासत बसण्यापेक्षा उत्तर कुठवर पोहोचले ते पाहावे. क्यासनूरचे उत्तर न्यूयॉर्कला पोहोचले, शास्त्रीय नियतकालिकांत छापले गेले, ह्यात वावगे काही नाही. पण ते ज्याच्या दंडातून निघाले त्याच्या दारीही यायला हवे. रक्त देणारा फुकट देतो. त्याला त्यातले शास्त्र कळत नाही, म्हणून त्याचे देणे लहान ठरत नाही.

आपल्याकडे एका दात्याने ही दरी मोठ्या सुंदर रीतीने बुजवली होती. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिसऱ्या आगाखानांनी त्यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला, आणि पुढे होऊन स्वतःचा दंडही दिला. बंगला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचा दंड पाहून खोजा समाजातील हजारो लोक टोचून घ्यायला आले. पुढे 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तीच आजची हाफकिन संस्था.

रॉकफेलर फाउंडेशनच्या बाजूने मी एक गोष्ट आवर्जून मांडीन. ते निघून गेले. 1967 पासून केंद्राचा सारा खर्च आपल्या संशोधन परिषदेने उचलला, आणि 1978 मध्ये ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. जे दान घेणाऱ्याला आपल्या पायांवर उभे करून बाजूला होते त्याचा मला आदर वाटतो. वर्षानुवर्षे ओंजळीने पाणी पाजणाऱ्याची मला थोडी भीती वाटते. 30 जानेवारी 2020 रोजी केरळात भारतातील पहिला करोना रुग्ण आढळला, त्याचे निदान पुण्याच्याच संस्थेने केले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत देशात ती तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा हजारावर गेल्या. त्या साऱ्यांना हात धरून शिकवणारे कोणीतरी आधीपासून घरात असावे लागते.

क्यासनूरचा ताप मात्र क्यासनुरात राहिला नाही. 2015 मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात दिसला आणि 2016 मध्ये आमच्या काकींच्या दोडामार्गात. तेथे त्याला माकडताप म्हणतात. काजूचा हंगाम आणि गोचिडांचा हंगाम एकच पडतो. बागेत बोंडे वेचायला वाकलेल्या बाईच्या पायाला गोचीड केव्हा चिकटली ते तिला कळतही नाही. तिला औषध देता येत नाही. पण 1957 साली निघालेल्या त्या उत्तरामुळे काही सांगता मात्र येते. बागेत जाण्यापूर्वी हातापायांना गोचिडांना दूर ठेवणारे तेल लावावे. घरी आल्यावर कढत पाण्याने अंघोळ करून कपडे उकळून काढावेत. रानात मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता आरोग्य केंद्रात कळवावे, आणि ताप आला तर रक्त द्यायला जावे. काकींचा भाऊ तेथेच काजूची बाग करतो. गेल्या मे महिन्यात त्या माहेरी जाऊन आल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, हंगामात आरोग्य सेविका तेलाची बाटली घेऊन दारापर्यंत येते, आणि कुणाचे रक्त नेले असेल तर चार दिवसांनी ओसरीवर बसून त्याचे काय निघाले ते सांगून, चहा घेऊन जाते.