गुणाने दोष झाकतो काय?

दिनांक ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई येथील नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. उलवे-पनवेल भागात डोंगर फोडून व नदीचा प्रवाह वळवून ही धावपट्टी सिद्ध झाली. तेथून उडणाऱ्या विमानात शेदीडशे माणसे बसतात आणि आपला प्राण दोन वैमानिकांच्या हाती देतात. त्या वैमानिकांचे मुखही बहुतेकांनी पाहिलेले नसते. म्हणून शासनाचा नियम कडक आहे. उड्डाणापूर्वीच्या बारा तासांत वैमानिकाने मद्य घेऊ नये. त्याच्या श्वासाची यंत्राने परीक्षा व्हावी. श्वासात मद्याचा अंश आढळल्यास पहिल्या वेळी परवाना तीन महिने व दुसऱ्या वेळी तीन वर्षे निलंबित व्हावा आणि तिसऱ्या वेळी तो कायमचा रद्द व्हावा.

यंत्राला जो दोष सापडतो त्याचा न्याय नियम करतो. परंतु ज्याचा दोष सापडला नाही आणि ज्याच्या हातून त्याच दिवशी शेकडा माणसांचे प्राण वाचले, त्याचा न्याय कोणी व कसा करावा? २०१२ साली आलेल्या ‘फ्लाइट’ या अमेरिकन चित्रपटाचा विषय हाच आहे. रॉबर्ट झेमेकिस हे त्याचे दिग्दर्शक असून डेन्झेल वॉशिंग्टन यांनी त्यात वैमानिकाची भूमिका केली आहे. चित्रपट हा करमणुकीचा विषय, त्याचा विचार येथे कशासाठी, असे कोणी म्हणेल. परंतु दृष्टान्त कोठूनही घेता येतो. तो सिद्धान्ताला लागू पडतो की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

कथा थोडक्यात अशी. व्हिप व्हिटेकर नावाचा वैमानिक रात्रभर मद्यपान करून, अमली पदार्थाच्या बळावर जागा होऊन विमानात चढतो आणि विमानातही मद्य घेतो. वाटेत विमानाच्या शेपटीकडील यंत्रभाग निकामी होऊन विमान खाली कोसळू लागते. तेव्हा तो ते आकाशातच उलटे करतो, घसरण थांबवितो आणि पुन्हा सुलटे करून मोकळ्या शेतात उतरवितो. १०२ जणांपैकी ९६ वाचतात. पुढे त्याच प्रसंगाची नक्कल करून दहा वैमानिकांची परीक्षा घेतली जाते. त्यांपैकी एकालाही विमान वाचविता येत नाही.

येथे पूर्वपक्ष असा. दोष यंत्राचा होता, मद्याचा नव्हता. मद्यपी असूनही त्याने जे केले ते शुद्धीवरच्या दहा जणांना साधले नाही. मग त्याच्या मद्यपानाने कोणाचे काय बिघडले? शिवाय ९६ प्राण वाचविण्याचे पुण्य एवढे मोठे की त्यापुढे तो दोष गणतीतच येऊ नये.

यावर समाधान असे. कौशल्य ही एक वस्तू आणि सदाचार ही दुसरी. हाताला आलेली कला ही अभ्यासाचे फळ असते; ती सज्जनाजवळ असते तशी दुर्जनाजवळही असते. त्या दिवशी विमान वाचले ते कलेमुळे. मद्यामुळे ते वाचले असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा कलेचे श्रेय मद्यपानाच्या खाती कसे मांडता येईल? दुसरे असे की, दोष घडतो तो कर्म करतेवेळी, परिणाम दिसतो तेव्हा नव्हे. ज्या क्षणी तो त्या अवस्थेत विमानात चढला, त्याच क्षणी त्याने १०१ जणांचा विश्वास मोडला. पुढे यंत्र बिघडले नसते आणि विमान सुखरूप उतरले असते, तरीही तो दोष तेवढाच राहिला असता. तिसरे, पुण्य व पाप यांची वजाबाकी होत नाही. एका हाताने दान व दुसऱ्या हाताने चोरी करणाऱ्याला दानाचे फळ वेगळे आणि चोरीचे वेगळे भोगावे लागते.

परंतु चित्रपटाचा खरा कस याच्याही पुढे लागतो. वकिलाने रक्तपरीक्षेचा अहवाल कायद्याच्या युक्तीने बाद ठरविलेला असतो. चौकशीत एवढाच प्रश्न उरतो की, विमानात सापडलेल्या दोन रिकाम्या बाटल्या कोणाच्या? त्या अपघातात कॅटरिना नावाची विमानसेविका मरण पावलेली असते. ती आदल्या रात्री वैमानिकाबरोबरच होती आणि तिच्याही रक्तात मद्याचा अंश सापडलेला असतो. विमान उलटे झाले असता एका मुलाला वाचविताना तिचा प्राण गेलेला असतो. ‘त्या बाटल्या तिच्याच असाव्यात, असे आपले मत आहे काय?’ या प्रश्नावर त्याने होकार दिला की तो सुटणार असतो. मेलेली स्त्री बोलावयास येणार नव्हती. खोटे अगदी सोपे होते.

आयुष्यभर त्याने खोटेच सांगितलेले असते. पत्नीला, मुलाला, मित्रांना आणि सर्वांत अधिक स्वतःला. व्यसनाचे मूळ पेल्यात असते त्याहून अधिक या असत्यात असते. ‘केव्हाही सोडीन’ हे प्रत्येक व्यसनी माणसाचे वाक्य हे त्याचे पहिले असत्य होय. परंतु आपला दोष एका निरपराध मृत स्त्रीच्या माथी मारावयाची वेळ येते तेव्हा त्याची जीभ अडते. तो ईश्वराचे साहाय्य मागतो आणि सांगतो, मद्य मीच प्यालो, आणि या क्षणीही मी प्यालेलाच आहे. त्याला कारावास होतो. तेथे तो म्हणतो की, आता प्रथमच मी मोकळा आहे.

मराठी वाचकाला येथे सुधाकराची आठवण झाल्यावाचून राहत नाही. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर, १९१९ साली, रंगभूमीवर आले. बुद्धिमान वकील असलेला सुधाकर अपमानाचे दुःख विसरण्यासाठी पहिला प्याला घेतो आणि शेवटी सिंधूसारखी पत्नी व तान्हे मूल यांच्या नाशाला कारण होतो. अनुताप त्यालाही होतो; परंतु त्या अनुतापाचा शेवट विषाच्या प्याल्यात होतो. दोघांच्याही ठिकाणी पश्चात्ताप आहे. एकाचा पश्चात्ताप स्वतःला संपवितो, दुसऱ्याचा असत्याला संपवितो. अनुतापाला प्रायश्चित्ताची वाट मिळाली नाही तर तोही घातक होतो, ही गोष्ट साधकाने नीट ध्यानात ठेवावी.

हे केवळ कल्पनेतले आहे असेही नाही. मार्च १९९० मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक लाइल प्राउस मद्याच्या अमलाखाली विमान चालविल्याबद्दल पकडले गेले. विमान सुखरूप उतरले होते. तरीही नोकरी व परवाना गेला आणि कारावास भोगावा लागला. त्यांनी मद्य सोडले, परवान्यासाठी पुन्हा प्रारंभापासून परीक्षा दिल्या आणि काही वर्षांनी त्याच कंपनीत ते पुन्हा वैमानिक झाले. २००१ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना क्षमा दिली. क्षमा आली ती शेवटी. आधी दोषाचा स्वीकार, मग दंड, मग दीर्घ आचरण, असा तो क्रम आहे.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ या मंडळातही हाच क्रम आहे. तेथे व्यसनी माणसाने आपला दोष आधी स्वतःशी, मग ईश्वरापाशी व दुसऱ्या मनुष्यापाशी स्पष्ट शब्दांत सांगावयाचा असतो. पंथात दोष अधिकारी पुरुषापाशी उघड करून प्रायश्चित्त घेण्याची जी रीत आहे, तिचे मर्म याहून निराळे नाही. लपविलेला दोष वाढतो, सांगितलेला दोष क्षीण होऊ लागतो.

उपदेशी मनुष्याला मद्य वर्ज्यच आहे, तेव्हा हा विचार आपल्यासाठी नव्हे, असे कोणी समजू नये. मद्याचा पेला हातात नसला तरी कौशल्याचा, विद्वत्तेचा, सेवेचा मद असतोच. ‘एवढी सेवा केली, एवढे ग्रंथ पाठ केले, तेव्हा एवढा दोष चालेल,’ असे जो मनात म्हणतो, तो व्हिटेकरच्याच आसनावर बसलेला असतो. वाशीच्या बाजारात मालमोटार घेऊन येणारा वासनिक असो की मठातील व्याख्याता असो, त्याच्यावर विश्वास ठेवून कोणीतरी निश्चिंत बसलेले असतेच.

विमानतळावरील यंत्र श्वासाची परीक्षा करते. आपल्या दोषाचा भार आपण कोणाच्या माथी ठेवीत आहोत, ही परीक्षा मात्र ज्याची त्याने करावयाची असते. ती जो प्रतिदिनी करील, त्याच्या गुणाला दोष झाकण्याचे काम कधी करावे लागणार नाही.