पाय कुठे ठेवू?

आमच्या साखऱ्याच्या पोरांना बारा ज्योतिर्लिंगं घडाघडा पाठ असतात. औंढा नागनाथ आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं, म्हणून तिथे आवाज जरा चढतो. संत नामदेव नर्सीचे, जन्म १२७०, गुरू विसोबा खेचर. गुण मिळाले, विषय संपला.

मी वर्गात औंढ्याची आख्यायिका काढतो. विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव चिडतात. म्हातारा म्हणतो, देव नसेल तिथे उचलून ठेव बाबा. नामदेव पाय ठेवतील तिथे पिंड! इथे थांबून मी विचारतो, "आता या वर्गात देव नसलेली जागा दाखवा." कोणी चपलांच्या ढिगाकडे बोट करतं, कोणी केरसुणीकडे. लगेच दुसरा अडवतो, "का रे, तिथं का नाही?" मग तास माझ्या हातात राहत नाही.

पाठांतराला मात्र मी हसत नाही. पिंड पवित्र, हे नामदेवांच्या अंगात मुरलेलं नसतं, तर त्या पायांचं त्यांना काय वाटलं असतं?

सातवीतल्या एकीने विचारलं, "सर, मग महाशिवरात्रीला औंढ्याला एवढी गर्दी कशाला?" तिला म्हटलं, आधी आजीला विचारून ये.