परिपाठात कोणाचा देव

सरकारी शाळेच्या वर्गात धर्म असावा की नसावा, यावर पुण्या-मुंबईत वाद झडतो तेव्हा धर्म जणू फाटकाबाहेर उभा राहून आत येण्याची परवानगी मागतो आहे, असा सगळ्यांचा समज असतो. मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराचा उल्लेख आला, तेव्हाही तसेच झाले. बाजूचे आणि विरोधातले दोघेही धरून चालले होते, की आजवरची शाळा या बाबतीत कोरी होती. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठाच्या वेळी जाऊन उभे राहावे. कोरे वगैरे काही नाही.

राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका होते, आता राज्यगीतही असते. आणि या सगळ्यात प्रार्थना. हात जोडा, डोळे मिटा. भिंतीवर सावित्रीबाईंच्या शेजारी सरस्वती असते. दसऱ्याच्या सुमारास पाटीपूजन होते. पहिलीतली मुले एकाच्या आकड्याला एक जोडत पाटीवर सरस्वती उभी करतात, तिच्यावर हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहतात. मला ती आकृती मनापासून आवडते; आकडा गिरवता गिरवता देवी काढण्याची कल्पना ज्याला सुचली तो हाडाचा शिक्षक असणार. यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. गुरुजींच्या लेखी हा धर्म नसतोच, ही आपली नेहमीची पद्धत असते. रोज श्वास घेणाऱ्याला हवा दिसत नाही, तसे हे आहे. दिसते ते वेगळ्या घरातून आलेल्या पोराला.

आणि या दोन जिल्ह्यांत वेगळी घरे थोडीथोडकी नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत शंभरातले जवळपास एकोणचाळीस लोक आदिवासी आहेत: गोंड, माडिया, परधान आणि इतर. चंद्रपुरात बौद्धांची मोठी वस्ती आहे. चामोर्शी-मुलचेरा भागात पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेली बंगाली गावे आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू बोलणारी. यांपैकी आदिवासी मुलाचा धर्म शाळेला दिसतच नाही, कारण त्याला ग्रंथ नाही, देऊळ नाही. पेन, म्हणजे त्याचा देव, गावाबाहेर झाडाखाली असतो आणि पूजा भुमक, म्हणजे गावचा पुजारी, करतो.

दाखलखारिज रजिस्टरात नाव चढवताना काय होते ते पाहण्यासारखे आहे. धर्माच्या रकान्याशी गुरुजींचा पेन थांबत नाही. 'हिंदू गोंड' किंवा 'हिंदू माडिया' असे लिहून तो पुढे सरकतो. बाप समोर उभा असतो, त्याला कुणी विचारत नाही, विचारलेच तर तो म्हणेल, "लिहा ना सर, जे लिहिता ते." पुढे तीच नोंद दाखल्यावर येते, आणि जात पडताळणीत जुन्या नोंदीच पाहिल्या जात असल्याने त्यात बदल करण्याचे धाडस कुणी करत नाही. अनेक गोंड कुटुंबे स्वतःला हिंदू मानतात, त्यांच्या घरात महादेव आहे, पोळा आहे, त्यांना खोटे ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १० लाख लोकांनी धर्म म्हणून 'गोंडी' असे नोंदवले. जनगणनेच्या छापील यादीत तो पर्याय नसताना, 'इतर' मध्ये जाऊन. इतक्या लोकांनी वाकडी वाट धरून जे सांगितले, ते शाळेच्या रजिस्टरला ऐकू येऊ नये?

रावणाचे घ्या. धानोरा तालुक्यातल्या परसवाडीत दसऱ्याला रावणाची पूजा होते. रावणदहन थांबवा, अशी मागणी गोंड संघटना कित्येक वर्षे करत आल्या आहेत. आता त्या भागातल्या मुलाला दसऱ्यावर दहा ओळी लिहायच्या आहेत. दुष्टांचा संहार, सत्याचा विजय, हे त्याला पाठ येते आणि तो ते लिहितो, कारण गुण त्याच ओळींना आहेत. घरी ज्याला हात जोडायचे त्याला वहीत राक्षस म्हणायचे, एवढे कसब सातव्या-आठव्या वर्षी या पोरांना आलेले असते. आपण त्याला मूल्यशिक्षण म्हणतो.

संविधानाचे कलम २८ याबाबत संदिग्ध नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही स्वतःच्या, आणि अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात वा उपासनेत सामील करता येणार नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते, की इथे धर्म अनेक आहेत, प्रत्येकाला आपलीच वाट खरी वाटते, शाळेत एकाला जागा दिली की बाकीच्यांचे काय हा तंटा सुटणार नाही. मात्र धर्माची शिकवण देणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे. त्यानंतर आठ वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या पाठोपाठ याच चंद्रपुरात त्यांनी हजारोंना धम्मदीक्षा दिली. धर्म ही क्षुल्लक गोष्ट आहे असे मानणारा माणूस हे करत नाही. सरकारी शाळेतून धर्माची शिकवण बाहेर ठेवा असे त्यांनी म्हटले ते धर्माचे मोल जाणून: तो ज्याने त्याने विचार करून, उघड्या मैदानात, शुद्धीत स्वीकारायचा असतो. परिपाठाच्या रांगेत डोळे मिटून नव्हे.

यावर आमच्याकडे हमखास येणारा प्रतिवाद म्हणजे तुकडोजी महाराज. प्रतिवाद तगडा आहे. चिमूरजवळच्या गोंदोड्याच्या रानात महाराजांनी साधना केली, १९४२ मध्ये चिमूर पेटले त्यामागे त्यांच्या भजनांची धग होती, त्यासाठी ते तुरुंगात गेले. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेत सगळ्या धर्मांना जागा आहे, कर्मकांडाला नाही. विदर्भातल्या कितीतरी शाळांत त्यांची भजने प्रार्थना म्हणून म्हटली जातात. गाताना पोरांचा आवाज लागतो तेव्हा अंगावर काटा येतो, हे मी नाकारणार नाही. हीही नको?

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने एकदा अशीच कुणालाही न बोचणारी छोटी प्रार्थना तयार केली होती. कोणत्याही पंथाची नाही, आणि ज्याला नको त्याने म्हणू नये अशी सवलत. १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली: प्रार्थना रचून ती म्हणवून घेणे हे सरकारचे कामच नाही. आपल्याकडे इतके टोक गाठलेले नाही. पण २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाशिकच्या एका अनुदानित शाळेतील शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नाही म्हणून त्याच्यावर ठपका होता आणि वेतनश्रेणी अडली होती. अशी सक्ती करता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्या शिक्षकाला वकील मिळाला, वर्षानुवर्षे टिकून राहण्याचे बळ मिळाले. एटापल्ली-भामरागडच्या आश्रमशाळेतल्या चौथीच्या मुलीला ते कुठून मिळणार?

आश्रमशाळेत तर हा प्रश्न चौपट होतो. तिथे शाळा सुटल्यावर घर नसते, शाळाच घर. सकाळची प्रार्थना, जेवणाआधीचा श्लोक, संध्याकाळची प्रार्थना, आणि ज्या संस्थेची शाळा तिच्या श्रद्धेप्रमाणे आणखी काही. संमती द्यायला आई-बाप तीस कोस दूर. गावात मोहाचा पंडुम, म्हणजे मोहफुलांचा सण, असतो तेव्हा मूल हजेरीपटावर असते, आणि पळून गेले तर गैरहजर. गणपतीच्या वेळी मात्र त्याच हजेरीपटाला सुट्टी असते. म्हणून तुकडोजी महाराजांच्या भजनाबद्दल माझे मत असे झाले आहे: ते मराठी-हिंदीच्या तासाला शिकवा, गॅदरिंगला गाऊन घ्या, महाराजांचे चरित्र चिमूरच्या इतिहासात घाला. हात जोडून म्हणवून घेऊ नका. गाणे शिकणे आणि उपासना करणे यांतला फरक मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो.

शाळेतून धर्म पुसून टाका, असे मात्र मला अजिबात म्हणायचे नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण कलम २८ च्या आड येत नाही असे म्हटले, आणि त्या निकालाचा गैरवापर होऊ शकतो हे मान्य करूनही मला ते बरोबर वाटते. चंद्रपूरचा मुलगा महाकालीच्या चैत्रातल्या यात्रेला मराठवाड्यातून माणसे का येतात हे न जाणता दहावी होतो. भद्रावतीत जैन मंदिर आहे आणि विजासनची बौद्ध लेणीही आहेत. सहल तिथे जाते, डबे उघडते आणि परत येते. मार्कंड्याची शिल्पे, सुरजागडचा ठाकुरदेव, परकोट्यातल्या गोंड राजांच्या समाध्या, दीक्षाभूमी: धर्माचा अभ्यास करायला याहून श्रीमंत प्रदेश महाराष्ट्रात क्वचित असेल. पण त्यासाठी भुमकाला वर्गात बोलावून खुर्ची द्यावी लागेल, आणि तो सांगेल त्याला अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्या गुरुजींना आधी शिकवावे लागेल. डी.एड.च्या अभ्यासक्रमात गोंडांचा आद्यगुरू लिंगो याचे नावही न ऐकता शिक्षक धानोऱ्यात रुजू होतो, हे खरे दुखणे आहे.

आता माझ्याच गळ्यात अडकणारा काटा. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' ही गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने तिला विनापरवाना ठरवून नोटीस दिली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण देण्याबद्दल कलम ३५०अ काय म्हणते, हे मात्र त्या विभागाला त्याआधीची साठहून अधिक वर्षे आठवले नव्हते. माझी सहानुभूती उघडच मोहगावच्या बाजूने आहे. पण नावातच कोया (गोंडांचे स्वतःसाठीचे नाव) आणि संस्कार असलेल्या या शाळेत मुले लिंगोला वंदन करत असतील, तर सरस्वतीला लावलेला नियम मी तिथे गुंडाळून ठेवायचा का?

आज नाही ठेवावा लागत, कारण ती शाळा सरकारची नाही. ग्रामसभेने आपल्या बळावर उभी केली आहे आणि पालक ती चालवतात. संविधान अशा शाळेत धर्माला मज्जाव करत नाही; संमतीची अट मान्यता किंवा अनुदान मिळाल्यावर येते. उद्या तिला मान्यता आणि अनुदान मिळाले, आणि ते मिळावे असे मला वाटते, तर वंदनाच्या वेळी बाजूला बसण्याची मोकळीक कागदावर नव्हे तर खरोखर असावी लागेल. आणि ती जिल्हा परिषदेची शाळा झाली तर वंदन गावाच्या पेनठाण्यात जाईल, गोंडी भाषा, लिंगोची कथा आणि गोटुलाचा इतिहास वर्गात राहील. गडचिरोलीच्या गावांत ख्रिस्ती झालेली चार घरे असतात, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात गेलेलीही असतात. त्या घरातले पोर गोटुलाच्या रांगेत उभे राहील तेव्हा त्याला हात जोडायला लावणारा भुमक असो की आश्रमशाळेतला अधीक्षक, कलम २८ दोघांनाही एकच वाचावे लागेल. मोहगावकरांना हे सांगण्याचा अधिकार मात्र आपल्याला तेव्हाच येईल, जेव्हा शेजारच्या जिल्हा परिषद शाळेतली हात जोडण्याची सक्ती आधी उठलेली असेल.